बाळाच्या वाटीएवढा स्पीकर

मंगळवार, ४ तारीख

दूध पाच वेळा. शी एकदा. ताप नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. बाळाचं दूध, शी, झोप सगळं रोज लिहीत जा म्हणाल्या. मी म्हटलं, मला लिहायची सवय नाही. म्हणाल्या, सवय काय, लिहिलं की होते. तुझंही काही दुखलं-खुपलं तर लिही. म्हणून लिहिते.

उजवा खांदा दुखतोय. स्पीकर लागला.

बोटीचे दोन्ही स्पीकर बरेच दिवस घरघरत होते. यांची बोट लहानच आहे, वर ताडपत्री, दोन्ही बाजूंना बाकं. संध्याकाळी लोकांना पाण्यात फिरवून आणतात. गाणी लावायची आणि माईकवरून सांगायचं, हा दिवा, तो खडक. गाणी नसली की लोक शेजारच्या पांढऱ्या टोपीवाल्याच्या बोटीत जाऊन बसतात. आज हे माईकवर बोलायला लागले आणि नुसती घरघर. लोक हसले. परत आल्यावर टोपीवाल्याने धक्क्यावर उभं राहून तशीच घरघर करून दाखवली. झालं. बोट ओढून घ्यायची आकडीची काठी असते, ती यांनी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. दुसरा तडाखा चुकला आणि लोखंडी खांबावर बसला, तर यांचंच मनगट मोडलं. मग बोटीत उतरून लाथांनी दोन्ही स्पीकर फोडले. एक उपटून फेकला. मी जेवणाचा डबा घेऊन तिथेच उभी होते, बाळ कडेवर. मी वळले म्हणून खांद्यावर निभावलं.

उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलंय. हे मनाने वाईट नाहीत. आवाज धड नसला की डोकं फिरतं त्यांचं.

बुधवार, ५

दूध चार वेळा. एकदा उलटून काढलं.

नवे स्पीकर मी आणायचे असं ठरलं. बोटीच्या सामानाचं दुकान आहे तिथे यांना आत घेत नाहीत, मागे एकदा काउंटरची काच फोडली होती. खिशातल्या नोटा माझ्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाले, "एवढ्यात बसव. आवाज मोठा पाहिजे आणि मी बोललेलं कळलं पाहिजे. भलतेच उचलून आणलेस तर ते तुझ्या डोक्यात घालीन."

केवढे आणायचे ते विचारायची छाती झाली नाही. धक्क्यावर जाऊन पाहिलं. जुन्या स्पीकरची भोकं होती, पण मोजायला पट्टी नव्हती. पिशवीत बाळाची स्टीलची वाटी होती. ती भोकात धरून पाहिली तर टाचणीचाही फरक नाही, नेमकी बसली. मग वाटीच घेऊन दुकानात गेले.

दुकानात सगळं पांढरं शुभ्र. खास बोटीचे स्पीकर, खारं पाणी लागलं तरी गंजत नाहीत असे. किंमत वाचून मी हात मागे घेतला. तिथल्या माणसाने विचारलं, माप काय? मी वाटी दाखवली. त्याने दुसऱ्याला हाक मारून वाटी दाखवली. दोघं हसले. मी तशीच परत आले.

रिकाम्या हाताने आले म्हणून यांनी डाव्या हाताने माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. आपटलं की वरच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने जमिनीवर ठोकते, म्हणजे आमच्या छतावर. ठक ठक ठक. ती ठोकते तेव्हा हे थांबतात. शिव्या देतात, पण थांबतात. तिच्याशी मी कधी बोललेले नाही. जिन्यात भेटली तर ती खाली बघते, मीही खाली बघते.

गुरुवार, ६

दूध पाच वेळा. झोप छान.

आज मिळाले. जुन्या गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत एक बाई बसते, गाड्यांचे रेडिओ विकते आणि दुरुस्तही करते. सगळे तिला रेडिओवाली म्हणतात. जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात. मी घाबरत वाटी पुढे केली. तिने वाटी घेतली, एकेका स्पीकरवर पालथी घालून पाहिली आणि म्हणाली, "ही कोणाची अक्कल?"

"माझीच."

"बरी आहे."

मग तिने समजावून सांगितलं. ज्याचा पडदा कागदाचा तो घेऊ नकोस, पाण्यावर महिन्याभरात लगदा होईल. हा बघ, प्लॅस्टिकचा, कडेला रबर. हा बुडाला तरी दोन शब्द बोलून बुडेल. मी हसले. खूप दिवसांनी हसले, गाल दुखला.

ऐकून घे म्हणाली. तीन जोड्या तारेला लावल्या आणि मला डोळे मिटायला सांगितलं. रेडिओवर एक माणूस हवामान वाचत होता. पहिल्यात तो मडक्यात बसून बोलतोय असं वाटलं. दुसऱ्यात दणदणाट होता, पण शब्द कळेनात. तिसऱ्यात शब्द न् शब्द कळला, जसा काही तो माणूस माझ्या मागेच उभा आहे. मी दचकून डोळे उघडले. "हेच घे," ती म्हणाली.

एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. हे गाडीचे स्पीकर, मागचं चुंबक उघडं आहे. माझ्या केसातली पिन काढून तिने जवळ धरली तर पिन उडी मारून चिकटली. "बोटीवर दिशेची सुई असते ना? होकायंत्र? त्याच्यापासून दोन हात लांब लावायचे. जवळ लावले तर सुई खोटं बोलते."

मला ती सुई माहीत आहे. चाकासमोर काचेच्या डबीत असते. लग्न झालं तेव्हा यांनी कौतुकाने दाखवली होती. धुक्यात काही दिसेनासं झालं की सुई लाल खुणेवर धरायची, की बोट सरळ पलीकडच्या काठाला लागते. थोडं डावीकडे गेलं की दात. पाण्यातून वर आलेले खडक आहेत, त्यांना सगळे दात म्हणतात.

दिलेल्या पैशांत बसले. निघताना ती म्हणाली, "दुकानाच्या मागे माझी एक खोली आहे. रेडिओच्या खोक्यांनी भरलीय, पण खोकी काय, हलवता येतात." मी बरं म्हटलं. ती खोलीचं मला का सांगत होती कोण जाणे. मी स्पीकर घ्यायला गेले होते.

शुक्रवार, ७

दूध तीनच वेळा. घाबरलंय पोर.

सकाळी यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बॅटरी ठेवून स्पीकर लावून पाहिले. असा आवाज की कपाटातली भांडी थरथरायला लागली. हे खूश झाले. माईकवर बोलून पाहिलं, सभ्य स्त्री-पुरुषहो, आणि स्वतःच हसले. मला म्हणाले, कान बरे आहेत तुझे. माझा जीव भांड्यात पडला. आता सुईचं सांगून टाकावं म्हणून मी म्हटलं, अहो, ती बाई म्हणाली की हे गाडीचे आहेत, त्यामुळे

पुढचं राहिलं. गाडीचे म्हटल्याबरोबर चेहरा बदलला. माझ्या बोटीला भंगारातला माल? तुला दिलेले पैसे कुठे दडवलेस? आवाज आणखी वाढवला आणि पट्टा काढला. मी बाळाला टेबलाखाली ढकललं आणि वर वाकले. पाठीवर, मांड्यांवर. एक बोटांवर बसला, मधलं बोट सुजून काळं झालंय, म्हणून अक्षर असं येतंय.

मी वरच्या झाडूची वाट बघत होते. आलाच नाही. नंतर कळलं, ठोकत होती ती. खूप ठोकत होती, आमच्या छताचा पोपडा पडलाय. पण आवाज इतका मोठा आणि इतका चांगला की ऐकूच आलं नाही.

दुपारी घरमालक आला. वरच्या बाईने त्याच्याकडे जाऊन सांगितलं होतं. पुढच्या रविवारपर्यंत खोली सोडा म्हणाला. यांनी त्याला एक शब्द उलट केला नाही. तो गेल्यावर मला म्हणाले की पलीकडच्या काठावर ओळखीच्या माणसाचं घर रिकामं आहे, राखणीला माणूस हवाय, फुकटात राहता येईल. रस्ता नाही, बोटीनेच जायचं. आजूबाजूला कोणी नाही.

"मस्त शांत आहे," म्हणाले. "वर झाडू आपटायला कोणी नाही."

बाळ सारखं छताकडे बघतंय. मीही.

शनिवार, ८

दूध चार वेळा.

स्पीकर बसवले. यांच्या हाताला प्लॅस्टर, म्हणून करवत मी चालवली, भोकं मी पाडली, स्क्रू मी पिळले. हे बाकावर बसून सांगत होते. जुन्या भोकांत लावायचे नाहीत म्हणाले, तिथे लोकांचे पाय लागतात. पुढे लावायचे, चाकाच्या दोन्ही बाजूंना, तोंड धक्क्याकडे, म्हणजे टोपीवाल्याला ऐकू जाईल. डावा स्पीकर आला बरोब्बर त्या काचेच्या डबीखाली. मी वाटी धरून पेन्सिलीने गोल काढला आणि थांबले.

आता बोटीवर एक नियम आहे. यांच्या वडिलांपासूनचा. बोटीवर एकच तोंड. चाक ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीच्यांनी गप्प बसायचं. प्रत्येक फेरीला हे माईकवरून पहिलं तेच सांगतात आणि लोक हसतात. मला हसू येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बोटीत बसले तेव्हा मी म्हटलं होतं, अहो, समोर जाळं आहे. जाळं खरंच होतं. पंख्यात अडकून बोट बंद पडली. तेव्हा यांनी मला पाण्यात ढकललं. मला पोहता येत नाही. दोरी टाकली, पण टाकायला वेळ लावला. हसत होते.

तरी आज मी धीर केला. म्हटलं, अहो, सुईपासून लांब

प्लॅस्टरचा हात तोंडावर बसला. प्लॅस्टर दगडासारखं असतं. खालचा दात हलतोय. "कुठे आहेस तू?" विचारलं. मी म्हटलं, बोटीवर. "मग?"

मग मी करवत उचलली. शेवटचा स्क्रू पिळला तेव्हा डबीतली सुई सरकल्यासारखी वाटली, हळूच, कोणी बोटाने ढकलावी तशी. तोंडातलं रक्त काचेवर पडलं होतं, ते ओढणीने पुसलं. नीट पाहिलं नाही. हे बघत होते.

मंगळवार, ११

दूध पाच वेळा. आज बाळ पालथं पडलं.

दोन दिवस चांगले गेले. बोट भरून जातेय. लोक म्हणतात, काय आवाज आहे. ऊन असल्यावर सुईकडे कोण बघतं, सगळं डोळ्यांनी दिसतं. यांनी बाळाला खुळखुळा आणला. मला वाटलं, बघ, आवाजाचंच होतं सगळं. आता पलीकडे जायचंही रद्द करतील.

नाही केलं. रविवारी जायचं आहे.

गुरुवार, १३

लिहवत नाही. थोडंच लिहिते.

टोपीवाल्याने धक्क्यावर चारचौघांत म्हटलं, स्पीकर बायकोने निवडले म्हणे, करवतही तिनेच चालवली, आता चाकही तिच्याच हातात दे. सगळे हसले. हे मला बोटीत ये म्हणाले. मी बाळाला धक्क्यावरच्या काकांकडे द्यायला निघाले, ते बोटी बांधलेल्या दोऱ्या राखतात, तर म्हणाले, पोरीलाही आण.

माझं डोकं धरून डाव्या कानाने स्पीकरवर दाबलं आणि आवाज पूर्ण वाढवला. तुझी निवड आहे ना, ऐक. बाळ मांडीवर होतं. त्याचं तोंड उघडं दिसत होतं, पण रडणं ऐकू येत नव्हतं. आख्खं गाणं संपेपर्यंत धरून ठेवलं.

मारण्याचं मला काही नाही. पण पुढे बाळालाही तिथे धरलं. सगळं गाणं नाही. थोडंच. पण धरलं.

कानातून रक्त आलं. बाळाच्या नाही, माझ्या. बाळाच्या दोन्ही कानांशी चुटक्या वाजवून पाहिल्या, वळतंय.

शुक्रवार, १४

दूध तीन वेळा. डाव्या कानात शिट्टी वाजतेय, बाकी काही ऐकू येत नाही. सामान बांधलं. वरची बाई जिन्यात भेटली. खाली बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी सामान बांधायला सुतळी आहे का विचारलं. तिने आणून दिली.

सोमवार, १७

काल लिहिलं नाही. आज सगळं लिहून टाकते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

काल सकाळी धुकं. इतकं की धक्क्याच्या टोकाला उभं राहिलं तर पाणी दिसेना. ट्रंक, गादी, शेगडी सगळं बोटीत चढवलं. मी बाळाला घेऊन उभी होते. धक्क्यावर काका होते आणि टोपीवाला. टोपीवाला म्हणाला, आज कोणी बोट काढत नाही, लेकराला घेऊन कुठे निघालास. हे म्हणाले, "माझी सुई आहे. डोळे मिटून पलीकडे जातो. तुझ्यासारखं धुक्याला घाबरून घरात बसत नाही मी."

मी धक्क्यावर होते, बोटीवर नव्हते. म्हणून बोलले. अहो, ती सुई

एवढंच. आधी थोबाडीत बसली, मग पोटात लाथ. मी पडताना बाळ हातातून सुटलं. काकांनी झेललं. म्हातारे आहेत, गुडघ्यावर आपटले, पण बाळ वर धरून ठेवलं. टोपीवाला मध्ये पडला. यांनी त्याच्या तोंडावर डोक्याने धडक मारली, त्याने यांना आकडीच्या काठीने झोडपलं, दोघंही रक्ताने माखले. टोपीवाल्याने काठी आडवी धरली आणि म्हणाला, बाईला आणि पोरीला आज नेऊन दाखव.

हे धापा टाकत होते. माझ्याकडे बोट दाखवलं. "थांब इथेच. सामान टाकून येतो. मग बघतो तुला पलीकडे कोण सोडवतं."

आणि गेले. गाणं लावलं, पूर्ण आवाजात. दोन हातांवर बोट दिसेनाशी झाली, पण गाणं दिसत असल्यासारखं ऐकू येत होतं.

टोपीवाला नाक धरून नळावर गेला. काका माझ्या बाजूला बसले. जन्मभर इंजिनांवर काम केलंय, कानाशी ओरडलं तरच थोडं ऐकू येतं त्यांना. बाळाला खेळवत होते. मला डाव्या कानाने येत नव्हतं म्हणून मी उजवा कान पाण्याकडे केला. जिथे आवाज मोठा येईल तिथे मान वळवायची. आधी समोर होता. मग मान थोडी डावीकडे वळवावी लागली. मग आणखी. मला वाटलं माझ्याच कानाचा दोष.

मग काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. लाकडाचा. इंजिन बंद पडलं. गाणं चालूच होतं. मग गाणंही थांबलं आणि माईक लागला.

अगदी स्वच्छ. रेडिओवालीने डोळे मिटायला सांगितलं होतं तेव्हा आला होता तसा, मागे उभं राहून बोलावं तसा. "अगं, ऐकतेस का? पाणी आत येतंय. पाय अडकलाय माझा. अगं, सांग कोणाला तरी. ऐकतेस ना? बोल कोणाशी तरी. बोल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी गुणगुणल्यासारखं वाटत असावं. म्हणाले, काय गं, काय म्हणतोय तो? पोहोचला का?

बाळाचं टोपरं वाकडं झालं होतं. मी ते सरळ केलं. नाडी सुटली होती, ती बांधली. एक बूट निघाला होता, तो घातला. लेस असलेला बूट आहे, बारीक लेस असते, वेळ लागतो. तोवर तो बोलतच होता. मग रडायला लागला. तेही स्पष्ट आलं. मी त्याला रडताना कधी ऐकलं नव्हतं.

मग मी काकांच्या कानाशी ओरडून सांगितलं. दातांवर. पाय अडकलाय.

काका धावत नळाकडे गेले. टोपीवाल्याने नाकातून रक्त गळत होतं तशीच बोट सोडली. फक्त म्हणाला, कुठून येतोय नीट दाखव. मी हात लांब करून दाखवला, अगदी बरोबर. तो त्याच रेषेत गेला. थोड्या वेळाने माईकमध्ये बुडबुडे आले, दोन शब्द आले आणि बंद झाला.

त्याला आणलं तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली पिळून काढलेल्या फडक्यासारखा झाला होता. खडक आणि बोट यांच्यामध्ये सापडला होता. पाणी छातीपर्यंत आलं होतं. बोट गेली. ट्रंक, गादी, सगळं गेलं. बाळाची वाटी माझ्या पिशवीत होती.

नंतर काकांनी विचारलं, ऐकू आल्यावर लगेच का नाही सांगितलंस? मी म्हटलं, काका, डावा कान बंद आहे. कळायला वेळ लागला.

ते बराच वेळ माझ्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, हो. तसंच असणार.

मंगळवार, १८

दूध पाच वेळा.

हॉस्पिटलात जाऊन आले, नर्सनी बोलावलं म्हणून. पाय कापलाय. मला बघून म्हणाला, सुई फसवी निघाली. बरोबर लाल खुणेवर धरली होती, शप्पथ. कोणीतरी काहीतरी केलं. टोपीवाल्यानेच केलं असणार. बरा झालो की दुसरी बोट घेणार आणि त्याला दाखवणार. तोवर तू पलीकडच्या घरी जाऊन राहा, मी येतोच.

मी म्हटलं, सुईचं मला माहीत आहे. त्या रेडिओवाल्या बाईने सांगितलं होतं, की

"गप बस," म्हणाला. "डोकं दुखतंय."

हात पलंगाच्या कडेवर होता त्याचा. मी एक पाऊल मागे सरकले, उगाच, सवयीने. मग बरं म्हटलं आणि निघाले. जिना उतरून, रस्ता ओलांडून, न थांबता गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत.

बुधवार, १९

दूध सहा वेळा. शी दोनदा. झोप छान.

रेडिओवालीने खोकी भिंतीला लावली, मध्ये माझी आणि बाळाची जागा झाली. खोलीला एक छोटी खिडकी आहे, कडी आतून. बाळ खोक्यांवरच्या चित्रांकडे बघत बसतं.

संध्याकाळी दुकान बंद करताना तिने विचारलं, कसे निघाले स्पीकर?

मी म्हटलं, चांगले निघाले. शेवटपर्यंत शब्द न् शब्द कळत होता.

ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मी खाली नाही बघितलं. मग चावी खिशात टाकून म्हणाली, "मी वरच झोपते. तो आला, किंवा दुसरं कोणी आलं, तर छताला ठोक. मला लगेच ऐकू येतं."

कोपऱ्यात झाडू होता, तो मी उशाशी घेऊन ठेवलाय. एकदा हळूच ठोकून पाहिलं.

वरून लगेच ठोकलं.